स्टेपनी ठेवून गेलेला चोर

ती फिर्याद मी स्वतःच्या हातानं लिहून घेतली होती. बाकीचे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत, कुठला चोर कुठल्या ठाण्यातला हे आठवायला जरा बसावं लागतं. पण निपाणीतली ती अष्टमी आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची खंडेनवमी मला आजही घड्याळाच्या काट्यासकट आठवते. आरोपीच्या बायकोनं ठाण्यात येऊन आम्हा सगळ्यांना पोट धरून हसायला लावलं, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. आणि त्या प्रकरणात मी सुरुवातीपासून चुकीचा प्रश्न विचारत होतो, हेही विसरता येत नाही.

नावं कुणाचीच घेत नाही. माणसं अजून तिथंच राहतात. त्यांनी लाज वाटावी असं काही केलेलं नाही, तरी नावं नकोत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तिशीतला, निपाणीला फौजदार. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला माणूस, घरात आणि शाळेत मराठी, खात्यात कन्नड. म्हणजे ऐकायचं मराठीत, लिहायचं कन्नडमध्ये आणि रागवायचं दोन्हीत. अष्टमीच्या दिवशी सकाळपासून ठाण्यात झाडलोट चालली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे पोलिसांचा सण. रायफली तेल लावून पुसायच्या, जीप धुवायची, बेड्यासुद्धा चिंचेनं घासायच्या. आमचे हवालदार बैलहोंगलकडचे, निवृत्तीला आलेले. ते खुर्चीवर बसून सगळ्यांना कामं सांगत होते आणि स्वतः पूजेला फोडायचा कोहळा कुठला चांगला याचा विचार करत होते.

बाराच्या सुमाराला एक पंचविशीतला तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, पुण्यात शिकून आलेला, मालवाहतुकीच्या एका कंपनीचा मालक. वडील वर्षापूर्वी वारले आणि धंदा याच्या अंगावर पडला. कंपनीचं ऑफिस बेळगावला आणि गाड्या उभ्या करायचं आवार निपाणीच्या बाहेर हायवेला. त्यानं सांगितलं, आवारातनं आमचा एक ट्रक चोरीला गेला, सकाळी दहा वाजता, दिवसाढवळ्या. चोरणारा कोण, हेही त्यानं लगेच सांगितलं. त्याच ट्रकवर नऊ वर्षं असलेला ड्रायव्हर.

मी म्हणालो, मग हे सोपं आहे. हवालदार हसले. त्यांना अनुभव जास्त होता.

आता यातली गोम सांगतो. आमच्या भागात ज्याच्याकडे एकच गाडी, तो ती कंपनीला ‘लावायचा’. गाडी स्वतःच्या पैशाची, चालवणारा स्वतःच. पण भाडं कंपनी देणार, माल कंपनीचा, पाटी कंपनीची. दोन राज्यांत गाडी फिरवायचं परमिट तेव्हा एकट्या माणसाला मिळणं फार अवघड होतं. निपाणीचा तंबाखू तर सारखा नाक्याच्या पलीकडे जाणार. म्हणून गाडी कागदावर कंपनीच्या नावानं करायची, म्हणजे ती कंपनीच्या परमिटवर चालायची. सगळं विश्वासावर. मालक चांगला असेल तर गाडीवाला सुखात, घरबसल्या माल मिळतो, नाक्यावर कंपनी बघून घेते. दुसरे लोक सुटा धंदा करायचे. गाडी आपली, कागद आपला, आणि माल शोधत गोदामागोदामानं हिंडायचं. मिळाला तर आपण राजे, नाही मिळाला तर गाडीच्या सावलीत पत्ते.

तरुण मालकानं रजिस्टरचं पुस्तक, विमा, बॉडी बांधल्याचं बिलसुद्धा समोर ठेवलं. सगळ्यावर कंपनीचं नाव. तो खोटं बोलत नव्हता. त्याला वडिलांच्या कपाटात हेच कागद सापडले होते, आणि कागदाप्रमाणे गाडी त्याची होती. या दसऱ्याला सगळ्या गाड्या बेळगावला नेऊन एका रांगेत पूजा करायची आणि नंतर त्या बंगळूरच्या लाइनवर पाठवायच्या, असं त्यानं ठरवलं होतं. हा गाडीवाला म्हणाला, मला लाइन बदलायची नाही, माझी गाडी सोडा, मी सुटा धंदा करतो. मालकानं विचारलं, तुमची गाडी कुठली, तुम्ही तर ड्रायव्हर. एवढंच बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी गाडी गायब.

कलम तीनशे एकोणऐंशीखाली गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्याला आवारात गेलो.

गाडी उभी असायची त्या जागेवर मला जे दिसलं, ते मी नोकरीत पुन्हा कधी पाहिलं नाही. एक गोणपाट अंथरलेलं. त्यावर ताडपत्री, चार पदरी घडी घातलेली. त्यावर दोरखंड, वेटोळं करून. शेजारी जॅक, पुसलेला. कंपनीच्या नावाची लाकडी पाटी, खिळे काढून, खिळे एका कागदाच्या पुडीत. आणि या सगळ्याला टेकून उभी केलेली स्टेपनी, म्हणजे गाडीचं जादा चाक.

वॉचमन म्हातारा होता आणि घाबरला होता. त्यानं सांगितलं, तो दहाला आला, रोजच्यासारखा रामराम केला, म्हणाला खंडेनवमीला गाडी धुवायला नेतो. मग एकेक वस्तू काढून ठेवली आणि मला म्हणाला, मोजून घे, हे सगळं कंपनीचं आहे, उद्या कुणी माझ्या नावानं बोंब मारायला नको. मी मोजून घेतलं, साहेब. दार मीच उघडलं.

पंच हसायला लागले. मी त्यांना गप्प केलं, पण पंचनाम्यात ‘सुबक रीतीने रचून ठेवलेल्या वस्तू’ असं लिहिताना मलाही जड गेलं. मात्र पोलिसाचं डोकं एका बाजूला चालू असतं. माझ्या लक्षात आलं की या माणसानं स्टेपनी ठेवली आणि जॅकही ठेवला. आपल्या रस्त्यांवर बिनस्टेपनीचा ट्रक किती लांब जाणार? मी हवालदारांना म्हणालो, नाकाबंदी नको, गाडीचा नंबर सगळीकडे कळवत बसायलाही नको. हायवेवरच्या पंक्चरवाल्यांना निरोप द्या. त्यांनी माझ्याकडे जरा आदरानं बघितलं आणि म्हणाले, “हौद्री साहेब,” म्हणजे कन्नडमध्ये हो जी, “हे बरोबर.” सहा महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच बरोबर म्हटलं.

तीन वाजायच्या आत तवंदी घाटाखालचा पंक्चरवाला स्वतःच सायकलवरनं आला. म्हणाला, एक लांब नाकाची गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे, पुढचं चाक बसलंय. जॅक नाही, स्टेपनी नाही, आणि गाडीवाला माझाच जॅक मागायला आला. निरोप आला होता तोच हा, म्हणून मी जॅक सापडत नाही असं सांगून ठेवलंय, लवकर चला.

जीप घेऊन गेलो. गाडीवाला बांधावर बसून भाकरी खात होता. पंचेचाळिशीचा, उंच, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. आम्हाला बघून उठला नाही. घास संपवला, हात धुतला, मग उठून नमस्कार केला. कुठं चालला होतास, असं मी दरडावून विचारलं. खानापूरला, कौलं भरायला, असं तो म्हणाला. निपाणीजवळच्या एका खेड्यात कुणाचं तरी घर होत होतं, त्यानं कौलं आणायचं भाडं ठरवलं होतं. सुट्या धंद्यातली त्याची ही पहिली खेप, आणि ती दोन कोसांत आटोपली होती.

पंक्चरवाल्याला जॅक लगेच सापडला. चाक दुरुस्त झाल्यावर गाडी ठाण्याच्या आवारात आणली. चालवत तोच आला, कारण आमच्यातल्या कुणालाही ट्रक येत नव्हता. शेजारी हवालदार बसले होते, आरोपीवर नजर ठेवायला. उतरल्यावर मला हळूच म्हणाले की गाडी फार छान चालवतो.

चार वाजता अटक दाखवली. म्हणजे दुसऱ्या दिवशी चारच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं होतं. कोर्टाला दसऱ्याची सुट्टी, तर साहेबांच्या घरी न्यायचं. एकदा तिथं नेला की चोरीचा गुन्हा डोक्यावर बसला, आणि गाडी हा मुद्देमाल. तो कोर्ट कागदावरच्या मालकाला देणार. मग ती बंगळूरच्या लाइनला लागली असती आणि हा कायमचा बुडाला असता. हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

समोर बसवून विचारपूस सुरू केली. मी त्याला अरे-तुरे करत होतो, तो मला साहेब म्हणत होता.

“गाडी कुणाची?”

“माझी.”

“कागद कुणाच्या नावावर?”

“कंपनीच्या.”

“मग तुझी कशी?”

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, जणू मीच काहीतरी साधी गोष्ट विसरलोय. मग म्हणाला, “साहेब, जे माझं न्हवतं ते समदं काढून ठिवलं की. गाडी माझी नसती तर तीबी तितंच ठिवली असती.”

हवालदार खोकले.  मी पुन्हा कागदावर आलो. लेखी काही आहे का? करार, पावती, चिठ्ठी, काहीही? न्हाय. थोरल्या मालकांनी काही लिहून दिलं होतं का? न्हाय, त्यांनी तोंडानं सांगितलं होतं. कुणासमोर? माझ्यासमोर आणि माझ्या मंडळीसमोर. म्हणजे साक्षीदार कोण, तर आरोपी आणि आरोपीची बायको. मी पेन खाली ठेवलं.

मी जरा मऊ होऊन विचारलं, कंपनीत काय वाईट होतं? माल मिळत होता, नाक्याची कटकट नव्हती. सुट्या धंद्यात काय मिळणार, उन्हात उभं राहणं? तो म्हणाला, कंपनी चांगलीच होती. थोरले मालक असताना कधी भाडं चुकलं नाही, दिवाळीला मुलांना कपडे यायचे. आणि म्हणाला, “पर साहेब, म्या गाडी लावलीती. मला न्हवतं लावलं.”

हवालदारांचं मत वेगळं होतं. चहा घेताना त्यांनी मला सांगितलं, लावलेला माणूस सुखी. आपण दोघं सरकारला लावलेलेच आहोत, बिघडलंय काय? पगार येतो, बदली होते, स्टेपनीची काळजी सरकारला. त्यांचं म्हणणं मला पटत होतं आणि पटत नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन जेवलो, पण बायकोनं दोनदा विचारलं की लक्ष कुठं आहे. आरोपी खरं बोलतोय हे कळतं आणि कागद खोटं बोलत नाही हेही कळतं, तेव्हा पोलिसाला जेवण गोड लागत नाही.

खंडेनवमीला सकाळी आठ वाजता ठाणं लग्नघरासारखं सजलं होतं. पांढऱ्या चादरीवर रायफली मांडलेल्या, बेड्या चकचकीत, जीपला झेंडूचे हार. ट्रक आवारात एका कोपऱ्यात उभा होता, धुळीनं भरलेला. मुद्देमालाला कोण हार घालणार?

तेवढ्यात फाटकातनं एक बाई आली. चाळिशीची, ठेंगणी, नऊवारी नेसलेली, हातात ताट. ताटात हळद-कुंकू, नारळ, झेंडू आणि कडाकण्या. नवरात्रात आमच्याकडे तळून देवीपुढं टांगतात, त्या गोल गोड कडाकण्या. गाडीवाल्याची बायको. निपाणीतल्या कित्येक बायकांसारखी तीही विड्या वळायची. पुढं मला कळलं, गाडी घेताना तिचे माहेरचे पाटल्या-गोठ त्यात गेले होते.

तिनं रडारड केली नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“साहेब, गड्याला ठिवा आत, त्येचं त्यो बघंल. पर गाडीनं काय केलंय? आज खंडेनवमी हाय. मला पूजा करू द्या.”

मुद्देमालाला कुणाला हात लावू द्यायचा नसतो. पण पूजेला नाही म्हणायचं माझ्या अंगात नव्हतं. मी दोन पंच बोलावले, म्हणालो त्यांच्यासमोर करा. आणि नेमके त्याच वेळी तरुण मालकही आले, एक मोठा हार आणि नारळ घेऊन. मुद्देमाल मिळण्याचा अर्ज द्यायला आले होते, आणि येता येता म्हणाले, गाडी आमची आहे तर पूजाही कंपनीची झाली पाहिजे. त्यांचं तेही खरंच होतं. मी म्हणालो, दोघंही करा, नारळ दोन आहेत. कोहळा मात्र ठाण्याचा, तो एकच फुटेल.

तरुण मालकांनी पुढच्या बंपरला हार घातला, बॉनेटवर कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. सगळे तिथंच करतात. बाई पुढं गेलीच नाही. ती दार उघडून केबिनमध्ये चढली, ड्रायव्हरच्या सीटची पाठ उचलून बाजूला काढली आणि मागच्या लाकडी फळीवर, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, बोटानं हळद-कुंकू लावायला लागली.

मी खाली उभा होतो. मला दिसलं की त्या फळीवर कुंकवाचा थर आहे. एका वर्षाचा नाही. सुकलेला, भेगा पडलेला, त्यावर पुन्हा नवा, खाली काळपट आणि वर लाल. मी विचारलं, इथं का?

ती म्हणाली, गाडीची पहिली फळी असते, तिची पूजा आधी. सुतारानं त्यावर देव कोरलेत. बॉडी बांधताना त्यानं मला बोलावून पहिलं कुंकू इथं लावायला सांगितलं होतं, तेव्हापासनं दर खंडेनवमीला लावते. कुठले देव, असं मी विचारलं, तर म्हणाली, मला कुठं वाचता येतं, सुतारानं कोरलेत म्हणजे देवच असणार.

मी वर चढलो. बोट फिरवून बघितलं, तर थराखाली खाचा लागत होत्या. कुंकू खरवडायला मला धीर होईना. मी तिला म्हणालो, आक्का, हे जरा पुसता येईल का? तिनं ताटातल्या दिव्यातलं तेल बोटावर घेतलं आणि पदरानं हळूहळू पुसायला सुरुवात केली. पंच दारात आले. तरुण मालक पायरीवर चढून वाकून बघत होते. पाटलीइतक्या रुंद, पटाशीनं कोरलेल्या अक्षरांची एक ओळ वर आली, मग दुसरी.

मी मोठ्यानं वाचलं. एका बाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, आडनाव. आणि खाली तीन शब्द: यांची स्वतःची गाडी.

 बाईनं माझ्याकडे बघितलं.

“त्ये नाव कुणाचं म्हनला?”

“तुमचं, आक्का.”

ती फळीकडे बघत राहिली. मग तिनं तेलाचा हात तोंडावर ठेवला. “अगं बया,” ती म्हणाली, “म्हंजी नऊ वरसं मी मलाच कुक्कू लावतोय व्हय?”

आणि ती हसायला लागली. आधी मला वाटलं रडतेय. खाली हवालदार हसले, पंच हसले, पहाऱ्यावरचा शिपाई रायफल खाली ठेवून हसला. आतल्या कोठडीतनं गाडीवाल्याचा आवाज आला, काय झालं, काय झालं, आणि त्याला सांगायला तिघं धावले. मी स्वतः ठाण्याच्या आवारात इतका मोकळा कधी हसलो नव्हतो. त्या हसण्यात माझी जी फजिती होती ती मला नंतर कळली. आदल्या दिवशी मी दहा वेळा विचारलं होतं, लेखी काही आहे का, आणि त्यानं दहा वेळा खरं उत्तर दिलं होतं. बायकोसारखंच त्यालाही वाचता येत नव्हतं; त्याच्या दृष्टीनं लेखी म्हणजे कागद, आणि फळीवर होता तो देव. देवाला कोण साक्षीला काढतं?

सुताराला बोलावणं धाडलं. तो जवळच्याच गल्लीत राहायचा. त्याच्याही घरी पटाशी-करवतीची पूजा चालली होती, तो हाताला हळद लागलेलीच घेऊन आला. थकलेला, पण डोळे चांगले. फळीकडे बघून म्हणाला, व्हय, माझंच काम. आमच्याकडे बॉडी बांधताना मालकाचं नाव पहिल्या फळीवर आतनं कोरतो, बाहेरनं रंगारी काय वाट्टेल ते लिहू दे. मी विचारलं, मग कंपनीचं का नाही कोरलं? बिल तर कंपनीच्या नावावर होतं.

सुतारानं तरुण मालकाकडे बघितलं. “तुमचे वडील हुते की तितं. ओंडक्यावर बसलेते. म्या त्यास्नीच इचारलं, नाव कुणाचं घालू? तर म्हनले, कागदावर माझं हाय, त्ये सरकारला दावायला. फळीवर हिचं घाल, सोनं हिचं गेलंय.”

 तरुण मालक खाली उतरले, पुढं गेले, बंपरवरचा हार काढला. मला वाटलं, हा आता निघून जाणार. ते परत आले, वर चढले आणि तो हार त्यांनी फळीवरच्या खिळ्याला अडकवला. मग मला म्हणाले, “साहेब, जबाब लिहून घ्या. मला माहीत नव्हतं.”

मी जबाब लिहून घेतला. मागितला असता तरी यापेक्षा चांगला जबाब मला मिळाला नसता. गाडी कुणाची हे आता ठरलं होतं. चोरी व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि या माणसाचा हेतू गोणपाटावर घडी घालून ठेवलेला होता. गैरसमजुतीतनं दिलेली फिर्याद, असा अहवाल तयार केला आणि गाडीवाल्याला घेऊन चारच्या आत मॅजिस्ट्रेट साहेबांच्या घरी गेलो. साहेब सोवळ्यात होते. त्यांनी पंचनामा उभ्यानं वाचला, ‘सुबक रीतीने रचून’ इथं आल्यावर चष्मा वर केला, आणि आत हाक मारून आम्हा सगळ्यांना प्रसाद सांगितला. विनापरमिट गाडी रस्त्यावर काढल्याचं वेगळं प्रकरण झालं, ते आरटीओनं दंड घेऊन मिटवलं. मी सोडवायला गेलो नाही आणि त्यानंही तशी अपेक्षा केली नाही.

ठाण्यातनं गाडी न्यायची वेळ आली, तेव्हा तरुण मालक म्हणाले, स्टेपनी आणि जॅक घेऊन जा. गाडीवाला म्हणाला, ते कंपनीचं. मालक म्हणाले, असू दे, बक्षीस समजा. तो तयार होईना. शेवटी हवालदारच वैतागले, “आरं बाबा, मग उसनं घे. तू परत घाटात बसलास तर आमाला परत यायला लागंल.” उसनं म्हटल्यावर त्यानं घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं आणि स्टेपनी, दोन्ही आवारात पोचती केली. वॉचमननं मोजून घेतली म्हणे.

कागद त्याच्या बायकोच्या नावावर व्हायला पुढची दिवाळी उजाडली. परमिटसाठी त्यानं किती चपला झिजवल्या ते मी बघितलंय. सुटा धंदा म्हणजे सगळी मजाच होती, असं मी सांगणार नाही. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी असायची, आणि तो चहाच्या गाड्यावर दिसला की मला वाटायचं, हवालदारांचंच खरं होतं की काय. मग तरुण मालकच त्याला एकेका खेपेला माल द्यायला लागले. लावलेला नाही, सुटाच. पण माल आला की पहिला निरोप यालाच. दोघांनाही ते सोयीचं पडलं. यातलं कुठलं चांगलं, लावणं की सुटं राहणं, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढं कळलं की जो आपलं आणि दुसऱ्याचं वेगळं काढून ठेवू शकतो, त्याला दोन्ही जमतं.

पोलीस म्हणून मी एक धडा घेतला. चोरीच्या जागी काय गेलं याची यादी सगळेच करतात. त्यानंतर मी काय राहिलं याचीही यादी करायला लागलो, आणि ती पुढं मला बऱ्याच वेळा उपयोगी पडली. आणि लेखी काही आहे का, असं विचारण्याआधी समोरचा लेखी कशाला म्हणतो ते विचारायला लागलो.

दोन वर्षांनी माझी खानापूरला बदली झाली. सामान न्यायला गाडी पाहिजे म्हणून मी त्यालाच निरोप दिला. भाडं आधी ठरवून घेतलं, कारण पोलिसाचं सामान फुकट नेण्याची चाल मला मोडायची होती. त्यानंही घासाघीस न करता वाजवी सांगितलं आणि पूर्ण घेतलं. परतीला कौलं भरायची ठरलीत, असं म्हणाला, त्या घराची राहिलेली. त्याची बायको बरोबर आली होती, खानापूर बघायला.

ठाण्याची माणसं सामान चढवत होती तेव्हा मी सवयीनं मागं जाऊन वाकून बघितलं. स्टेपनी होती. एक नाही, दोन होत्या. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो मिशीत हसत होता.

“अण्णा, दोन कशाला?”

“एक माझी,” तो म्हणाला. “आन् एक घाटात कुनी बसला आसंल त्येला.”

मी केबिनमध्ये चढलो. सीटवर बसताना पाठीमागं हात लागला म्हणून वळून बघितलं. सीटची पाठ आता छोटी करून घेतली होती, फळी उघडीच होती. नुकतीच खंडेनवमी होऊन गेलेली, कुंकू ताजं होतं. पण या वेळी ते अक्षरांवर नव्हतं. अक्षरं तेलानं पुसून काळीभोर ठेवली होती, आणि कुंकू त्यांच्या कडेकडेनं, एकालाही न झाकता लावलेलं होतं.

बाईनं माझी नजर बघितली. मग पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि सावकाश, एकेक करत, आपलं नाव मला वाचून दाखवलं.